खरे माप : बालगणिताच्या लाकडी साधनांविषयी (प्रस्तावना)

तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांना संख्येचा पहिला परिचय लाकडी साधनांच्या द्वारे कसा करून द्यावा, ती साधने गावच्या सुताराकडून कशी करवून घ्यावीत आणि वर्गात कोणत्या क्रमाने मांडावीत, याचे विवेचन पुढील प्रकरणांत केलेले आहे. हे विवेचन वाशिम जिल्ह्यातील अंगणवाडी सेविका, प्राथमिक शाळांतील शिक्षक आणि लाकूडकाम करणारे कारागीर या तिघांना नजरेसमोर ठेवून केलेले असल्यामुळे त्यात कृती, मापे आणि सूचना यांचाच भरणा अधिक आहे; परंतु ज्या विचारावर ही सारी उभारणी झालेली आहे तो विचार तपशिलाच्या गर्दीत दिसेनासा होऊ नये, म्हणून तो येथे काहीशा विस्ताराने मांडणे अगत्याचे वाटते. लाकडी साधनाचे सामर्थ्य त्याच्या रंगात, नवलाईत किंवा किमतीत नसून त्याच्या मापाच्या खरेपणात असते. माप खरे असेल तर साधनच मुलाला शिकविते आणि त्याची चूकही तेच दाखविते, माप खोटे असेल तर उत्तमोत्तम शिक्षकाच्या हाती असूनही ते मुलाला खोटेच सांगत राहते. आणि म्हणूनच बालगणिताच्या कामात शिक्षकाइतकीच जबाबदारी सुतारावरही येऊन पडते, असे माझे निश्चित मत आहे.

वाशिमच्या भूमीला गणित परके नाही. प्राचीन वत्सगुल्म हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे नगर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेच. परंतु सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी आपल्या ‘महाभास्करीय’ ग्रंथात, लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या ज्या मध्यरेषेवर ग्रहगणिताची सारी मोजदाद बेतलेली होती, त्या रेषेवरील स्थानांत अवंतीच्या बरोबरीने वत्सगुल्माचेही नाव घेतलेले आहे, आणि त्या रेषेची आठवण वाशिमचे लोक आजही मध्यमेश्वराच्या देवळाशी जोडतात. मोगल अमदानीत ‘ऐन-इ-अकबरी’च्या दप्तरात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून वाशिमची नोंद झाली, इंग्रजी अंमलात ते जिल्ह्याचे ठाणे होते, १९०५ साली तो जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा म्हणून पुन्हा स्वतंत्र झाला. पुढे २०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी केली तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक म्हणून वाशिमचा समावेश झाला, आणि सुधारणेची जी क्षेत्रे त्या योजनेत नेमून दिलेली आहेत त्यांत शिक्षणाला मोठे स्थान आहे. अशा यादीत नाव येणे हे कमीपणाचे मानण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे प्राथमिक शिक्षणाचा, आणि त्यातही त्याच्या अगदी पहिल्या पायरीचा, विचार अधिक बारकाईने करण्याचे कर्तव्य मात्र येथील प्रत्येक जाणत्या माणसावर येते.

पहिल्या पायरीचा विचार करू लागले म्हणजे पंतोजींच्या जुन्या शाळेची आठवण अपरिहार्यपणे होते. धूळपाटीवर अंक गिरवीत आणि पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांची संथा घेत कित्येक पिढ्या हिशेबात तरबेज झाल्या. या घोकंपट्टीची निर्भर्त्सना करण्याचा शिरस्ता आजच्या शिक्षणविचारात पडून गेला आहे. परंतु तिचा न्यायनिवाडा करताना एक महत्त्वाचा पुरावा नजरेआड केला जातो, आणि तो म्हणजे त्या काळच्या मुलाच्या घरात, खळ्यावर आणि वावरात काय काय मांडलेले असे. धान्य मोजायला शेर आणि पायली ही मापे घरोघरी होती, आणि चार शेर ओतले म्हणजे पायली भरते हे मुलाने ऐकण्याआधी पाहिलेले असे. सुगीत रास मोजू लागले म्हणजे पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत आणि मग दोन, तीन, चार अशी मापे पोत्यात पडत. पोत्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोराच्या कानावर संख्या आणि डोळ्यांसमोर तिचे परिमाण एकाच क्षणी येत असे. रुपयाचे सोळा आणे, त्यातली आठ आण्यांची अधेली, चारांची पावली, दोनांची चवली, हे सगळे निम्म्याचे निम्मे करीत उतरत जाणारे जग मुलाच्या मुठीत मावणारे होते. म्हणून निमकी आणि पावकी म्हणताना त्याच्या मनात काही तरी हालत असे. पेरणीला तिफण निघाली म्हणजे चाड्यात मुठीने सोडलेले बी तीन नळ्यांतून तीन फणांपाशी उतरे, वावराच्या एका फेरीत तीन तासे पडत, दुसऱ्या फेरीत सहा होत, तिसऱ्या फेरीत नऊ. तीनाचा पाढा बांधावर बसलेल्या मुलासमोर मातीत उमटत जात असे. संथा रूक्ष होती हे खरे, परंतु तिच्या पाठीशी मापांचे एक भरलेले घर उभे होते.

ते घर आता राहिले नाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाली, १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजने आणि मापे टप्प्याटप्प्याने अमलात आली. आणि हा बदल योग्य व आवश्यक होता याविषयी दुमत असू नये, कारण सर्व देशाचा कारभार एका मापावर आणल्यावाचून गावोगावच्या निरनिराळ्या पायल्यांनी रयतेची होणारी नागवणूक थांबली नसती. परंतु नव्या मापांचा परिचय मुलाला हाताने करून द्यावयाचा राहून गेला. आज किराणा बंद पिशव्यांतून घरी येतो, पेरणी ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने होते, सोयाबीनची पोती थेट बाजार समितीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतात, आणि काटा जो आकडा दाखवितो तो आकडा कशाचा मिळून झाला हे मात्र काट्यावर कोठेच दिसत नाही. पाढे राहिले आणि त्यांच्या पाठीशी असलेली मापे गेली. अशा स्थितीत केवळ पाठांतर वाढविणे, किंवा उलट पाठांतराला नावे ठेवून ते बंद करणे, हे दोन्ही उपाय सारखेच अपुरे आहेत; जे मापांचे जग घरातून गेले ते शाळेच्या चटईवर हेतुपुरस्सर उभे करणे, हा खरा उपाय होय, आणि लाकडी साधनांचे प्रयोजन नेमके हेच आहे.

हा उपाय नवा नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी बालोद्यानासाठी जी साधने योजिली त्यांत लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन होते, आणि एका घनाचे आठ लहान घनांत विभाजन करून अखंड आणि अंश यांचे नाते मुलांच्या हाती दिलेले होते. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, आणि तेथे साधनातील प्रत्येक लांबी, जाडी व आकार यांना गणिती शिस्त लावली. त्या स्वतः १९३९ च्या नोव्हेंबरात अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचे वास्तव्य या देशातच झाले. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या रंगीत पट्ट्यांची पद्धती १९५२ साली ग्रंथरूपाने मांडली, आणि बुडापेस्टला जन्मलेले गणितज्ञ झोल्टन डीन्स यांनी एकक, दशक, शतक दाखविणाऱ्या ठोकळ्यांना शास्त्रीय अधिष्ठान दिले.

महाराष्ट्रात हा विचार रुजविण्याचे श्रेय ज्यांना आहे त्या ताराबाई मोडक यांचा वऱ्हाडाशी निकटचा संबंध होता, कारण विवाहानंतरची काही वर्षे त्यांनी अमरावतीस काढली. पुढे भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु ताराबाईंची खरी थोरवी माझ्या मते त्यानंतरच्या निर्णयात आहे. शहरातील सुस्थित घरांच्या मुलांपुरते राहिलेले हे शिक्षण खेड्यात न्यावयाचे, तर परदेशी नमुन्याची महागडी साधने उपयोगाची नाहीत हे ओळखून, १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ग्राम बालशिक्षणाचे केंद्र चालविले, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने गावात मिळणाऱ्या वस्तूंपासून साधने तयार करण्याची एक संपूर्ण पद्धती सिद्ध केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी म्हणून अंगणवाडी, गुरे राखणारी मुले कुरण सोडू शकत नाहीत तर शाळा कुरणात न्यावी म्हणून कुरणशाळा, असा त्यांच्या कार्याचा विस्तार होत गेला. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव गावोगाव नेले, आणि आज मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरील सेविका सकाळी चटई अंथरते तेव्हा ती कोसबाडचाच वारसा चालवीत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर एकसंध मानला आणि २०२१ च्या निपुण भारत अभियानाने संख्याज्ञानाला अक्षरज्ञानाच्या बरोबरीचे स्थान दिले. त्यामुळे या वारशाला शासनाच्या मंजुरीचे बळही आता लाभलेले आहे.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. यातील पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे साधन म्हणजे संख्यादांड्या. या दहा दांड्या असतात. सर्वांची जाडी सारखी, अडीच सेंटिमीटर. पहिलीची लांबी दहा सेंटिमीटर, दुसरीची वीस, आणि अशा चढत्या क्रमाने दहावी बरोबर एक मीटर. प्रत्येक दहा सेंटिमीटरचा भाग आळीपाळीने तांबडा व निळा रंगविलेला असतो. वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या या साधनात एक मोठी गोष्ट साधलेली आहे. पाच चिंचोके ओळीने मांडून मूल मोजू लागते तेव्हा ‘पाच’ हे नाव त्याच्या लेखी शेवटच्या चिंचोक्याचे असते. “यातले पाच दाखव” म्हटले की पुष्कळ मुले तो एकच चिंचोका उचलून दाखवितात. दांडीच्या बाबतीत असा घोटाळा संभवत नाही, कारण पाचाची दांडी ही एकच वस्तू आहे. तिचे पाच खंड मोजता येतात, पण ती उचलावी लागते ती सबंध. एक ही एक वस्तू आणि पाच हीही एक वस्तू, परंतु पहिलीच्या पाचपट लांब. आणि दहाची दांडी उचलावयाची तर मुलाला दोन्ही हात पसरावे लागतात, म्हणून दहाचे मोठेपण त्याला खांद्यांत जाणवते. संख्या म्हणजे अनेकांचे एकत्व, ही गोष्ट कोणत्याही व्याख्येवाचून येथे हस्तगत होते.

याच दांड्यांच्या पुढच्या खेळात दहाच्या दांडीखाली नवाची ठेवून तिच्या टोकाला एकाची लावावयाची, त्याखाली आठाची आणि दोनाची, मग साताची आणि तिनाची, सहाची आणि चाराची. प्रत्येक ओळ दहाच्या ओळीशी दोन्ही टोकांना जुळते आणि शेवटी पाचाची दांडी एकटी उरते. तिला जोडीदार नाही असे पाहून मूल थबकते. मग शिक्षिका ती दांडी दहाच्या दांडीला लागून ठेवते आणि टोकावर उलटवून पुढे टाकते, म्हणजे दोन पाच मिळून दहा झाले हे दिसते. एक ते दहा या संख्यांच्या पोटात पाच दहा आणि एक पाच, म्हणजे पंचावन्न, सामावलेले आहेत, हे सत्य पुढे बेरजेच्या सूत्राने मांडता येईलच. पण पहिलीतील मुलाने ते चटईवर गुडघे टेकून आधीच पाहून ठेवलेले असते.

दुसरे साधन चात्यांच्या पेटीचे. शून्यापासून नवापर्यंत अंक लिहिलेले दहा कप्पे आणि पंचेचाळीस कातीव चात्या एवढेच त्याचे स्वरूप. मूल प्रत्येक कप्प्यातील अंक वाचून तितक्या चात्या मोजून हातात घेते, त्यांची जुडी बांधते आणि कप्प्यात ठेवते. वाटेत कोठे एक चाती अधिक किंवा उणी पडली तर नवाच्या कप्प्यापाशी ती चूक उघडी पडते, कारण तेथे चात्या पुरत नाहीत किंवा उरतात. या क्षणी शिक्षकाने काही बोलू नये. मूल स्वतःच मागे वळून एकेक जुडी तपासू लागते. हिशेबनीस ताळा पाहतो तो ज्या वृत्तीने, तीच वृत्ती येथे बिनधाकाने अंगी बाणते. आणि शून्याच्या कप्प्यात काहीच ठेवावयाचे नसते. मूल त्यात हात घालून पाहते, दुसऱ्याला दाखविते, आणि ‘काही नाही’ यालाही एक जागा व एक चिन्ह असते हे त्याला कळते.

तिसरा संच दशमान पद्धतीचा : एक सेंटिमीटरचा घन हा एकक, दहा सेंटिमीटरची पट्टी हा दशक, दहा सेंटिमीटरची चौरस पाटी हे शतक, आणि दहा सेंटिमीटरचा मोठा घन हा हजार. मराठी मुलाला या संचाची गरज इतर कित्येक भाषांतील मुलांहून अधिक आहे. आपल्या भाषेत संख्यांची नावे बहुधा एककापासून सुरू होतात आणि अंक मात्र दशकापासून लिहिले जातात. ‘पंचवीस’ ऐकून मूल आधी पाच लिहिते आणि नंतर दोन, हा दोष मुलाचा नव्हे. त्यात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे म्हणत एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकातून एक उणा करीत जावयाचे आणि शेवटी मात्र ‘नव्याण्णव’ म्हणावयाचे! २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची जोड देण्यात आली, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचणच पुढे ठेवली होती, आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. माझे म्हणणे इतकेच की, दोन दशकपट्ट्या आणि नऊ सुटे एकक मुलासमोर मांडून, एकच एकक आणखी ठेवले तर तिसरी पट्टी पुरी होते हे त्याने पाहिले, म्हणजे एकोणतीस हे नाव त्याला छळीत नाही. ते नाव का पडले हे त्याला समोर दिसते, आणि वारसाहक्काने आलेली सुंदर शब्दसंपदा टाकून देण्याची वेळ येत नाही.

भाषेची अडचण संख्यानामांपाशीच संपत नाही. मानोरा आणि मंगरूळपीर या भागांतील तांड्यांवरून येणारी मुले घरी गोरमाटी बोलतात. काही गावांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. वऱ्हाडी बोलीत वाढलेल्या मुलालाही पुस्तकी मराठी पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटतेच असे नाही. तोंडी सूचनांवर चालणाऱ्या वर्गात ही मुले गप्प राहतात आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ अज्ञान असा लावला जातो. दांडी मात्र कोणत्याही भाषेत तितकीच लांब असते. सेविकेने आधी कृती करून दाखवावी, मुलाला करू द्यावी, त्याच्या घरच्या भाषेतील संख्यानाम त्याच्याकडून ऐकावे आणि मग त्याच्या शेजारी मराठी नाव ठेवावे, अशी तजवीज या पुस्तकात सर्वत्र केलेली आहे.

आता सुतारकामाविषयी, कारण पुस्तकाचा जवळजवळ निम्मा भाग त्याला दिलेला आहे. आपल्याकडे वाढई म्हणून ओळखला जाणारा हा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वखर, डवरे आणि तिफणी घडवीत आला. तिफणीचे फण सारख्या अंतरावर बसले नाहीत तर पुढची डवरणी बिघडते, हे तो जाणतो, म्हणून मापाचे महत्त्व त्याला पटवून द्यावे लागत नाही. तथापि शालेय साधनांत चुकीला जागा आणखी कमी असते. एक मीटरच्या पट्टीवर दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा आधीच करून ती कापली, तर नऊ काप पडतात आणि प्रत्येक कापाला करवतीच्या जाडीइतके, म्हणजे दोन-एक मिलिमीटर, लाकूड भुसा होऊन जाते. सगळे तुकडे सारखेच आखूड पडले तर चूक ध्यानातही येत नाही, परंतु ते दहा तुकडे एका मीटरच्या दांडीशेजारी मांडले की टोकाशी बोट जाईल एवढी फट राहते, आणि दहा दहांचे शंभर होतात हे लाकूड नाकारू लागते. म्हणून प्रत्येक तुकडा कापल्यावर पुढची खूण नव्याने करावी, किंचित लांब कापावे आणि गुण्या लावून, टोक घासून नेमक्या मापावर आणावे. लाकूड पाण्या-पावसाने फुगते आणि वैशाखात आकसते ते मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने, लांबीच्या दिशेने नव्हे. यास्तव दांडीची लांबी नेहमी तंतूंच्या दिशेनेच घ्यावी आणि ओले लाकूड मुळीच वापरू नये.

लाकडांमध्ये साग सर्वांत भरवशाचा, कारण तो ऋतुमानाने फारसा हलत नाही आणि रंध्याखाली गुळगुळीत होतो. त्याच्या तोडीला व वाहतुकीला परवाना लागतो ही गोष्ट विसरू नये. परंतु चौकटी-दारांच्या कामातून उरणारे तुकडेच एका अंगणवाडीच्या संचाला पुरेसे होतात. बाभूळ औतांना उत्तम, पण मुलाच्या हाताला जड. चात्या आणि मणी यांसारख्या कातीव कामाला काळ्या कुड्याचे पांढरट, बारीक कणांचे लाकूड चांगले. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची प्रसिद्ध खेळणी परंपरेने याच लाकडाची होतात, तर आपल्या सावंतवाडीत पांगाऱ्याचे लाकूड वापरण्याची रीत आहे. रंगाच्या बाबतीत कसूर करू नये. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावरील मजकूर वाचूनच रंग घ्यावा, कारण या वयाची मुले वस्तू तोंडात घालतात. याच कारणास्तव तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे एकक-घन देऊ नयेत.

साधनांविषयी एवढे सांगितल्यावर त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, कपाटात कुलुपबंद ठेवलेले साधन हे साधन नव्हे. संच खराब होईल, एखादी चाती हरवेल आणि जडसंग्रहाच्या नोंदीत तूट दिसेल, या भयाने पेट्या बंद राहतात. त्यापेक्षा हरवलेल्या चातीची भरपाई करण्याची तरतूद गावच्या सुताराकडे करून ठेवणे पुष्कळ सोयीचे, आणि साधन गावातच घडविण्याचा हा एक मोठा लाभ आहे. दुसरी अशी की, शिक्षकाने साधन हाती धरून चाळीस मुलांना दुरून दाखविणे म्हणजे फळ्यावर लिहिण्याचाच एक प्रकार होय. साधन मुलाच्या हाती गेले पाहिजे आणि चूक करण्याइतका अवकाश त्याला मिळाला पाहिजे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की, साधन हे सोडण्यासाठी असते. दांड्यांवर नऊ आणि चार मांडणारे मूल काही दिवसांनी डोळे मिटून मांडू लागते, आणि मग मांडल्यावाचून उत्तर देते. त्या वेळी त्याला पुन्हा दांडी घेण्याचा आग्रह करणे हे त्याची प्रगती अडविण्यासारखे आहे. पाढ्यांचे आणि पावकी-निमकीचे स्थान येथे आहे : जे हाताने कळले ते जिभेवर पक्के करण्यासाठी, आणि त्या कामी आपल्या जुन्या पाठांतराइतके प्रभावी साधन दुसरे नाही, असे मी पूर्ण आदराने म्हणतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात लहान-मोठे, आखूड-लांब, जड-हलके यांची पारख करण्याची साधने आहेत. दुसऱ्यात एक ते दहा आणि शून्य. तिसऱ्यात दशमान संच व शंभरपर्यंतच्या संख्या. चौथ्यात अर्धा, पाव, पाऊण यांचे तुकडे आणि पावकी-निमकीकडे जाणारी वाट. पाचव्यात सुतारासाठी मापे, आकृत्या आणि तपासणीच्या रीती. लाकूड अजिबात मिळत नसेल तेथे तुराट्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून दशकाचे काम कसे भागवावे, हेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे; मात्र लांबीचे गणित शिकवावयाचे असेल तेव्हा तुराट्या उपयोगी नाहीत, कारण त्यांच्या लांबीवर भिस्त ठेवता येत नाही.

ज्या सेविकांनी वर्गातील आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या आणि ज्या कारागिरांनी कागदावरील आकृतीतले दोष कामाला हात घालताच दाखवून दिले, त्यांचे ऋण या पुस्तकावर आहे. वाचकांपाशी शेवटची विनंती एकच करतो. नवा संच शाळेत आला की तो ताब्यात घेण्याची सही करण्यापूर्वी दहाची दांडी चटईवर ठेवावी, तिच्या शेजारी नवाची आणि एकाची, आठाची आणि दोनाची लावून पाहावी, आणि जुळणीच्या टोकावरून नख फिरवून पाहावे. नख कोठे अडले तर संच किंमत चुकविण्याआधी सुताराकडे परत पाठवावा आणि दुरुस्त करून घ्यावा. यात कोणाचा अपमान नाही, उलट शिक्षक आणि सुतार या दोघांच्याही कामाचा तो सन्मान आहे. ज्या लाकडावर मूल उद्या विश्वास ठेवणार आहे ते आज आपण तपासून घेणे, एवढे कर्तव्य आपण नेमाने पार पाडले तर पुढचे बरेचसे काम मुले स्वतःच करतील.